फिर्याद न करणारे चित्र

फिल्मच्या काळात क्ष-किरण यंत्राची कैफियत फिल्मच लिहून देत असे. मात्रा अधिक झाली की छातीचे चित्र काळेकुट्ट येई, कमी पडली की पांढुरके, आणि डार्करूममधून ओली फिल्म हाती घेऊन बाहेर आलेला तंत्रज्ञ, कोणी परीक्षक येण्याची वाट न पाहता, आपल्याच अदमासाने केव्ही (ट्यूबचा विद्युतदाब) किंवा एमएएस (प्रवाह गुणिले वेळ) खालीवर करी. डिजिटल डिटेक्टर आला आणि ही साक्ष बंद झाली. त्याची ग्रहणशक्ती इतकी विस्तीर्ण, की किरण दुप्पट-तिप्पट पडले तरी संगणक प्रतिमा सावरून घेतो; किंबहुना अधिक किरणांनी तिच्यातला रवाळपणा जाऊन ती अधिकच देखणी होते. रवाळ चित्राबद्दल डॉक्टर कुरकुरतात, देखण्याबद्दल कोण कुरकुरणार? परिणामी मात्रा महिन्यामागून महिने चढत जाते, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जालना जिल्ह्यात, अंबड, परतूर, मंठा या बाजूंना क्ष-किरण यंत्रे तपासण्यासाठी मीटरची पेटी घेऊन हिंडताना मला वरचेवर भेटते ते जुन्याच जनरेटरला आणि जुन्याच ट्यूबला नवा डिटेक्टर जोडलेले यंत्र. खर्चाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मात्र पडद्यावरचे नवेपण पाहून उगमही नवा झाला असे मालकाला वाटू लागते. "साहेब, चित्र तर झकास येतंय, मग तपासायचं काय राहिलं?" हा प्रश्न त्यामुळेच येतो, आणि तो अप्रामाणिक नसतो.

राहिलेले पुष्कळ असते. पटलावर ८० केव्ही लावले असता मीटरने ८६ दाखविले, तर पाच केव्हीची मुभा ओलांडली गेली. किरणांची चौकट आखणाऱ्या कॉलिमेटरचा दिवा बदलताना आतला आरसा किंचित हलला, तर प्रकाशाची चौकट एकीकडे आणि किरणांची दुसरीकडे पडते. शंभर सेंटिमीटर अंतरावर दोन सेंटिमीटरांपलीकडचा फरक क्षम्य नाही, कारण तेवढ्याने बाळाच्या छातीबरोबर पोटही किरणांत येते. ट्यूबच्या आवरणातून झिरपणारे किरण एक मीटरवर तासाला एक मिलिग्रेच्या आत हवेत. यातले काहीही देखण्या चित्रात दिसत नाही.

डिटेक्टरवर किती किरण पडले हे सुचविणारा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा चित्राशेजारी उमटतो खरा. पण कोणा कंपनीचा आकडा किरण वाढले की वाढतो, कोणाचा घटतो. २००८ साली आंतरराष्ट्रीय मानकाने यात एकवाक्यता आणली, तरी जुने कॅसेट-रीडर आपलाच हिशेब चालवीत बसले आहेत, आणि ज्या तंत्रज्ञाने दोन ठिकाणी नोकरी केली, त्याने हा आकडा वाचणेच सोडून दिले तर त्याला दोष कसा द्यावा?

१९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या दंडकाप्रमाणे यंत्राची मीटरने तपासणी निदान दोन वर्षांतून एकदा, तशीच किरणसुरक्षेशी संबंध असलेल्या दुरुस्तीनंतर व्हावयाची. दाखला भिंतीवर लागतो. परंतु यंत्र दाखल्याच्या तारखा पाहून बिघडत नाही, म्हणून मी रोजच्या रजिस्टरात एक जादा रकाना आखून देतो: पहिल्या छातीच्या चित्राचा इंडेक्स, केव्ही आणि एमएएस. पुढच्या खेपेस मीटरची पेटी उघडण्यापूर्वी मी ते रजिस्टर मागतो, आणि रकाना कोरा असला तर त्या खोलीत अंमळ अधिक वेळ काढतो.