नावांचा माग

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात उमेदीची वर्षे घालविल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, संशोधनलेखांचा शोध म्हणजे मुख्यतः नावांचा शोध होय. आपण जिला एका नावाने ओळखतो ती वस्तू दुसऱ्या देशात वा दुसऱ्या काळात कोणत्या नावाने दप्तरी दाखल झाली असेल, याचा अदमास ज्याला बांधता येत नाही, त्याच्यापुढे लक्षावधी लेखांचा डेटाबेसही मुकाच राहतो.

कृषिशास्त्राची एक विद्यार्थिनी खोडमाशीला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या वाणांविषयी लेख शोधीत आली, तेव्हा तिने शोधचौकटीत इंग्रजीतले सबंध वाक्यच लिहिले होते आणि पदरात दोन लेख पडले होते. मी तिला कोऱ्या कार्डावर तीन रकाने पाडावयास सांगितले. पहिल्यात पिकाची नावे आली: सॉर्घम, जोवार, ग्रेट मिलेट, दुसऱ्यात किडीची: शूटफ्लाय, तेच तोडून अवतरणचिन्हांत घातलेले 'शूट फ्लाय', आणि शास्त्रीय नाव अ‍ॅथेरिगोना, तिसऱ्यात 'रेझिस्टन' एवढ्यावर थांबून पुढे तारका दिली की रेझिस्टन्स व रेझिस्टंट ही दोन्ही रूपे एकदम रुजू होतात. एका रकान्यातल्या नावांमध्ये 'ऑर', रकान्यारकान्यांमध्ये 'अँड', आणि प्रत्येक रकान्याभोवती कंस.

'नॉट'विषयी मात्र मी फार सावध असतो. खोडकिड्यावरचे लेख वगळावे म्हणून मी एकदा एका अभ्यासकाला तो शब्द सुचविला, आणि दोन्ही किडींचा एकत्र विचार करणारे, नेमके त्याला हवे असलेले लेख त्यासरशी बाद झाले; ती कसूर माझी होती आणि ती मला अजून सलते.

आज सॉर्घम बायकलर म्हणविणारी ज्वारी जुन्या लेखांत सॉर्घम व्हल्गेर, त्याहून जुन्यांत अँड्रोपोगॉन सॉर्घम या नावाने वावरते. अन्न व कृषी संघटनेचा 'अ‍ॅग्रोव्हॉक' किंवा वैद्यकातील 'मेश' हे संज्ञाकोश याचकरिता सिद्ध झाले, की एका वस्तूस एक संज्ञा मुक्रर व्हावी आणि बाकीच्या नावांनी तिच्याकडे वाट दाखवावी. परंतु नव्या लेखास ती संज्ञा लागावयास काही अवधी जातो, म्हणून कोशातली संज्ञा आणि लेखकाचे स्वतःचे शब्द, दोहोंनी शोधावे.

निघताना ती म्हणाली, "सर, आमच्या मोहोळकडे जिला मालदांडी म्हणतात, तिला इथे काय म्हणायचे?" मी 'एम ३५-१' असे सांगताच तिने ते पहिल्या रकान्यात दोनदा लिहिले: एकदा अक्षर व आकडा जोडून, एकदा तोडून.