मागल्या पडवीतला दिवा

आमच्याकडे पाऊस आडवा येतो. मागल्या पडवीच्या भिंतीवरचा पत्र्याचा दिवा खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंजला, आत पाणी साचलं आणि रात्री गोठ्याकडे निघालेल्या आईने ओल्या भिंतीला हात टेकताच तिला झटका बसला. वाचली. "तुझ्या दिव्यापेक्षा माझो कंदील बरो," एवढंच म्हणाली.

मग आयपी ६५चा पॉलिकार्बोनेटचा दिवा आणला, स्टेनलेसचे स्क्रू, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. ते खरं तर आधीच हवं होतं. वायर खालून, झोल देऊन आत घेतली. ओघळणारं पाणी झोलातूनच गळून जातं. दुकानदार मात्र चकचकीत नक्षीचा दिवा गळ्यात मारत होता!

चौथा पावसाळा चालू आहे. आई अजून बटण काठीनेच दाबते.