परतीचं भाडं

मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला की स्टाफरूममधले सहकारी म्हणतात, "सर, गाडीचा फोन आला." मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, बी.एड. झालोय, स्टेअरिंगला आजवर हात लावलेला नाही. तरी आमच्या घरातल्या दहा चाकी ट्रकने कुठला माल भरायचा, हे ठरवताना धाकटा भाऊ मला विचारतो. गाडी तो चालवतो आणि वही मी लिहितो. अब्बांच्या काळापासून ही वाटणी आहे. फक्त तेव्हा अब्बा चालवायचे आणि भाऊ क्लीनर होता.

मंद्रूप हे विजापूर रस्त्यावरचं गाव. उत्तरेला सोलापूर, दक्षिणेला भीमा ओलांडली की कर्नाटक. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा आला की बेंगळुरू, हैदराबादकडे गाड्या लागतात. होटगीकडे सिमेंटचे कारखाने आहेत. त्यामुळे लोड नाही असं सहसा होत नाही. प्रश्न असतो तो लोड परवडतो का, याचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जास्त भाडं तो चांगला लोड. एक साधा हिशेब सांगतो. बेंगळुरूला १८ टन कांदा, टनाला १,८०० रुपये, म्हणजे ३२,४००. ऐकायला बरं वाटतं. जायला साधारण ६०० किलोमीटर, भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे १५० लिटर. रिकामी परत आली तर आणखी १०० लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तरी २२,५०० गेले. उरलेल्या ९,९०० मध्ये दोन्हीकडचा टोल, दलाली, वराई, दोघांची खुराकी, टायरची झीज. हप्ता अजून यायचाच आहे. म्हणून जातानाचं भाडं ठरवताना भाऊ आधी परतीचं भाडं शोधतो. परतीला काही मिळणार नसेल तर ३२ हजारांपेक्षा होटगीचं जवळचं, कमी पैशाचं सिमेंट बरं.

पुढचे प्रश्न अनुभवाने आले. माल कधी भरणार, की गाडी दोन दिवस उभी राहणार? वराई कोणाकडे? ॲडव्हान्स किती आणि बाकी पोच दिल्यावर किती दिवसांनी? एका पार्टीने आमची बाकी पाच महिने अडकवली. तेव्हापासून वहीत प्रत्येक पार्टीच्या नावापुढे मी दिवस लिहितो. भाड्याचा आकडा मी त्यानंतर वाचतो.

वजनाचीही एक गंमत आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली, तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत गेलं. आम्ही खूश झालो, तीन टन जास्त म्हणजे तीन टनांचे पैसे जास्त. पण तेवढ्याच मालाला आता कमी गाड्या लागू लागल्या, आणि दलाल टनाचा दर पाडून मागू लागले. हे गणित मला आधी सुचायला हवं होतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा तर भाव कोसळून शेतकरी रडला आणि त्याच्यामागे ट्रकवालाही.

काही लोड हिशेबाच्या आधीच बाद होतात. दारूच्या पेट्या अब्बांनी कधी भरल्या नाहीत, आम्हीही नाही. हप्त्यात व्याज जातं, ते चालतं का, असं भाऊ मला चिडवायला विचारतो. माझ्याकडे उत्तर नसतं. कर्नाटकातून येताना मालाखाली गुटख्याची दोन-चार पोती टाका, असं सांगणारेही भेटतात. तिथे विचार करायची गरज पडत नाही.

पण २०२४ च्या बकरी ईदला एक लोड आला, आणि त्याबद्दलच मला लिहायचं होतं.

ईद १७ जूनला होती. दुसऱ्या दिवशी एका मदरशाचे मौलाना घरी आले. कुर्बानीची कातडी लोक मदरशाला देतात, ती विकून मुलांच्या जेवणाचा काही खर्च निघतो. चार-पाच मदरशांची कातडी एका व्यापाऱ्याने मीठ लावून गोळा केली होती. माल तमिळनाडूत वाणियंबाडीला न्यायचा होता, तिकडे चामड्याचे कारखाने आहेत. नेहमीची गाडी आली नव्हती. गाडीचं एकरकमी ५५,००० देणार होते, निम्मे रोख. वजन गाडीच्या निम्म्याहून कमी. परतीला नारळ मिळायची शक्यता होती. मी मनातल्या मनात वही भरूनही टाकली.

भाऊ म्हणाला, "नै भाईजान, ये माल नै उठाता मैं."

मी म्हणालो, अरे, बकऱ्याची कातडी आहेत. २०१५ चा कायदा गाय, बैल, वळूचा आहे. बिल्टी आहे, ई-वे बिल आहे. मौलानांसमोर मी त्याला कायदा शिकवत होतो.

तो शांतपणे म्हणाला, "रात्री दोन वाजता रस्त्यावर गाडी अडवली तर अडवणारा आधी ताडपत्री फाडतो. वास येतो, माझं नाव विचारतो. मग कातडं कशाचं, हे प्रयोगशाळा सांगेपर्यंत मी कुठे असेन?" मग क्लीनरकडे बोट केलं. तो आमच्याच गल्लीतला, धनगराचा पोरगा, बावीस वर्षांचा. "याच्या आईला काय सांगू?"

पोरगा म्हणाला, "मामा, मी येतो की." भाऊ काही बोलला नाही.

मौलानांनी चहा अर्धा ठेवला. "बात सही है," म्हणाले आणि गेले.

त्या आठवड्यात आम्ही सिमेंट भरलं. चार दिवसांत, खर्च जाऊन सात हजार राहिले. कातडी आणखी तीन दिवस पडून होती. मग पाऊस आला. काही माल दुसऱ्या गाडीने पडेल भावात गेला, बराचसा खड्डा काढून पुरावा लागला, असं नंतर कळलं. मदरशाला त्या वर्षी काय मिळालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला आजही वाटतं, कागद पक्के होते, जायला हवं होतं. भाऊ म्हणतो, कागद तू वाचतोस, रस्ता मी बघतो. त्याच्या चौदा वर्षांच्या ड्रायव्हिंगपुढे माझं मत किती टिकणार! तरी मला राग येतो, आणि तो त्याच्यावर नाही.

वहीत १८ जूनच्या पानावर मी "वाणियंबाडी, ५५,०००" लिहिलं होतं. भावाने पाहिलं, म्हणाला खोडून टाक, न नेलेल्या मालाची नोंद कशाला? मी खोडलं नाही. त्याच ओळीत पुढे "नाकारला" लिहिलं. कारणाच्या रकान्यात आम्ही एरवी "दर कमी" किंवा "पार्टी उधार" लिहितो. तो रकाना कोराच आहे.