वीस इंचांचे चाक

मुलांचे बहुतेक खेळ हे मोठ्यांच्या खेळांचे धाकटे भाऊ असतात. मैदानावर मोठी माणसे क्रिकेट खेळतात, म्हणून गल्लीत फळीची बॅट होते आणि विटांच्या चळतीचे स्टंप होतात. खेळ मोठ्यांनी रचावा, त्याचे साहित्य मोठ्यांच्या मापाने घडावे आणि मुलांनी ते कसेबसे आपल्या मापाला बेतून घ्यावे, अशीच जगाची रीत आहे. सायकलीच्या एका शर्यतीने मात्र ही रीत पार उलटी करून टाकली. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिक सामन्यांत प्रेक्षकांनी एक मौजेचे दृश्य पाहिले. सुमारे आठ मीटर उंचीच्या चढावावर आठ धट्टेकट्टे पुरुष एका ओळीत उभे होते. पण त्यांच्याखालच्या सायकली मात्र दहा वर्षांच्या मुलाला शोभाव्यात अशा. चाक अवघे वीस इंचांचे, बैठक गुडघ्यांच्याही खाली. एखाद्या थोराड माणसाने धाकट्या भावाची सायकल पळवून आणावी, तसा तो देखावा होता. फाटक पडले, आणि चाळीस सेकंदांच्या आत सारा निकाल लागला. पुरुषांत लॅटव्हियाचा मारिस श्ट्रोमबर्ग्स आणि स्त्रियांत फ्रान्सची आन-कारोलिन शोसों यांनी या खेळातील पहिली ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली.

या खेळाला बीएमएक्स म्हणतात. 'बायसिकल मोटोक्रॉस' या नावाची ती आद्याक्षरे. शेवटचा 'एक्स' हा क्रॉसच्या, म्हणजे फुलीच्या, जागी आला आहे. नावातच त्याची जन्मकथा सांठवलेली आहे. मोटोक्रॉस म्हणजे खाचखळग्यांच्या मातीच्या वाटेवरील फटफट्यांची शर्यत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९६०च्या सुमारास आणि त्यानंतर या शर्यतींचा मोठा बोलबाला झाला. मुलांजवळ फटफटी कोठून असणार? पण १९६३ साली श्विन नावाच्या कंपनीने 'स्टिंग-रे' ही मुलांची सायकल बाजारात आणली होती. तिचे हँडल उंच, बैठक केळ्यासारखी लांबोडकी आणि चाके वीस इंचांची होती. मुलांनी ती रिकाम्या जागेतल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर नेली आणि तिचीच फटफटी केली.

लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्क या उद्यानात १९६९ साली मुलांनी अशी शर्यत लावली होती. परंतु या खेळाच्या इतिहासात जे नाव अग्रभागी येते, ते एका तेरा वर्षांच्या मुलाचे आहे. स्कॉट ब्राइटहॉप्ट हे त्याचे नाव. तो स्वतः फटफटीच्या शर्यतींत भाग घेत असे. १९७० च्या नोव्हेंबरात त्याने लाँग बीच या गावी एका पडीक जागेत शर्यत भरविली. पस्तीस मुले जमली. प्रत्येकाकडून त्याने पाव डॉलर प्रवेशमूल्य घेतले. आता शर्यत म्हटली की बक्षीस हवे. ते कोठून आणायचे? त्याने फटफटीच्या शर्यतींत स्वतः जिंकलेली चषके घरून आणली आणि तीच विजेत्यांना देऊन टाकली! आपली चषके कपाटात मांडून ठेवणारे पुष्कळ असतात. खेळ चालावा म्हणून ती वाटून टाकणारा विरळा. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, 'ऑन एनी संडे' हा फटफट्यांवरील अनुबोधपट प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच सायकलींवरून धूळ उडवीत जाणारी मुले दिसतात. गावोगावच्या मुलांनी ती पाहिली, आणि मग हे वेड कोणाच्या आवरण्यातले राहिले नाही. १९८२ साली अमेरिकेतील डेटन येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आरंभी सायकलींचे हाल होत. बिचाऱ्या रस्त्यावर चालण्यासाठी जन्मलेल्या. उड्या मारणे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. पुढचा चिमटा वाके, सांगाड्याचे जोड तडकत, चाकांचे आरे तुटत. मुलांच्या हौसेची झळ मोडतोडीच्या रूपाने घरापर्यंत पोचू लागली, तेव्हा कोठे कारागिरांचे लक्ष इकडे वळले. १९७४ च्या सुमारास सिमी व्हॅली येथील स्किप हेस या गृहस्थाने आपल्या गॅरेजात ओतीव धातूचे एक भक्कम चाक तयार केले. पुढे मिश्र पोलादाच्या नळ्यांचे, हलके परंतु चिवट सांगाडेही होऊ लागले. साधन आधी आणि खेळ मागून, असे येथे घडलेच नाही.

मग सायकल सुधारली, खेळ जगभर पसरला, मुले मोठी झाली. चाक मात्र वीस इंचांचेच का राहिले? याचे उत्तर जुन्या आठवणींत नसून यंत्रशास्त्रात आहे. लहान चाकाचे आरे आखूड असतात, म्हणून ते धक्क्याने सहसा वाकत नाही. ते हलके असते, त्यामुळे पहिल्या दोनतीन पायडलांतच वेग घेते. ही शर्यत तीनचारशे मीटरांची. एवढ्या थोड्या अंतरात ज्याने पहिल्या वळणावर पुढची जागा पकडली, त्याला गाठणे फार कठीण. गियर एकच, बदलायला सवडच नाही. धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नाहीत. ते काम स्वाराच्या हातापायांनी करायचे. वाटेवर एकापुढे एक मातीचे उंचवटे असतात. चढताना अंग सैल सोडावे आणि उतरताना हातापायांनी सायकल खाली रेटावी, म्हणजे पायडल न मारताही वेग वाढतो. झोका चढविताना आपण जे करतो, त्याचीच ही एक तऱ्हा होय.

शर्यतीचा सर्वांत अवघड क्षण मात्र सायकल हलण्याच्या आधीच येतो. स्वार पुढचे चाक फाटकाला टेकवून, दोन्ही पाय पायडलांवर ठेवून तोल सावरीत उभे असतात. ध्वनिक्षेपकातून सूचना येते: तयार राहा, फाटकाकडे लक्ष ठेवा. नंतर शांतता. ही शांतता किती वेळ टिकावी, ते यंत्र दर वेळी निराळे ठरविते. कधी क्षणार्ध, तर कधी अडीच सेकंद. मनात आकडे मोजून कोणाला लबाडी करता येऊ नये, म्हणून ही योजना. सहा वर्षांची चिमुरडी मुलेही याच रीतीने उभी राहतात, आणि ओठ घट्ट मिटलेले त्यांचे चेहरे पाहिले, म्हणजे अडीच सेकंद किती लांब असू शकतात ते कळते. मुलांच्या शर्यतीची रचनाही शहाणपणाची आहे. त्यांचे वयानुसार गट असतात, आणि अंतिम फेरीपूर्वी प्रत्येकाला बहुधा तीन वेळा धावण्याची संधी मिळते. एकदा पडले म्हणून मूल रडत घरी जात नाही. गुडघ्यावरची माती झटकते आणि पुन्हा रांगेत येऊन उभे राहते.

कॅलिफोर्नियाच्याच उत्तर भागात याच सुमारास या खेळाचे एक भावंड जन्मले. तेथील टॅमलपाइस पर्वताच्या परिसरात काही तरुण मंडळी जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली येत. या सायकलीही मुळात मुलांसाठीच निघालेल्या होत्या. १९३०-४० च्या काळातल्या, जाड फुगीर टायरांच्या, वजनदार सायकली त्यांनी भंगारातून उचलून आणल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यत लावली. तिचे नाव 'रीपॅक'. पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक मागच्या हबात असे. दोन मैलांच्या त्या उतारावर तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्या भरण्यावरूनच शर्यतीला नाव पडले. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने डोंगरासाठीच म्हणून एक सायकल नव्याने घडविली. आजची माउंटन बाइक ही तिची पणती. १९९६ साली अटलांटा येथे डोंगरी सायकलींची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली. वर जिचा उल्लेख आला, ती शोसों मुलगी असताना बीएमएक्स खेळली, मग डोंगर उतरण्याच्या शर्यतींत अनेकदा जगज्जेती झाली आणि बीजिंगसाठी पुन्हा लहान चाकावर परतली. ज्याचे हातपाय लहान सायकलीवर शिकले, त्याला डोंगर परका वाटत नाही.

पण सायकल लहान हवी म्हणजे किती लहान? येथे आपल्याकडील घरांत एक जुनी सवय आडवी येते. सदरा शिवताना आई शिंप्याला सांगते, "वाढत्या अंगाचा शिवा." सदऱ्याच्या बाबतीत हे ठीक, बाह्या दुमडता येतात. सायकलीच्या बाह्या दुमडता येत नाहीत. पूर्वी खेड्यांतली मुले वडिलांच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून तिरपी तिरपी सायकल चालवीत आणि तशीच शिकतही. तो पराक्रम खराच. परंतु रस्ता सपाट होता आणि वेग बेताचा. उंचवट्यावरून हवेत गेल्यावर ज्या सायकलीचा ब्रेक बोटांना पोचत नाही, ती सायकल मुलाच्या हाती राहत नाही. मूल तिच्या हाती जाते.

म्हणूनच शर्यतीच्या सायकली मापामापाच्या मिळतात. सांगाडा मुलाच्या उंचीप्रमाणे लहानमोठा असतो आणि अगदी छोट्यांसाठी टायरही अरुंद असतात. पायडल ज्या दांड्याला बसवितात, तो मोठ्या माणसासाठी सुमारे १७५ मिलिमीटर लांब असला, तर लहान मुलाला १४० ते १५० मिलिमीटरांचा पुरतो. नाहीतर गुडघे छातीशी येतात. वजनाचे गणित तर कोणीही करून पाहावे. पंचवीस किलो वजनाच्या मुलाला बारा किलोची सायकल दिली, तर त्याच्या वजनाचे जवळजवळ निम्मे ओझे झाले. सत्तर किलोच्या वडिलांना याच हिशेबाने चौतीस किलोंची सायकल डोंगरावर न्यावी लागेल, आणि मग ते दुकानदाराशी काय बोलतील ते सांगावयास नको! बाजारात झोकदार रंगांच्या, जाडजूड स्प्रिंगांच्या मुलांच्या डोंगरी सायकली दिसतात. मुलांची नजर त्या स्प्रिंगांवरच खिळते. पण स्वस्तातल्या त्या स्प्रिंगा मुलाच्या हलक्या वजनाने धड दबतही नाहीत. तो केवळ मिरविण्याचा भार असतो. त्यापेक्षा साधा चिमटा, हलका सांगाडा, बोटांना नीट पोचणारा ब्रेक आणि जमिनीची पकड घेणारे टायर, एवढे असले की पुष्कळ झाले. दोनतीन वर्षांच्या बाळांसाठी तर पायडलच नसलेली सायकल मिळते. पायांनी जमीन रेटीत ती पुढे जातात आणि तोल शिकतात. पायडल मग एका दिवसात येते.

पैसा वाचवावयाचा तो सायकलीच्या रंगात वाचवावा, शिरस्त्राणात वाचवू नये. या शर्यतीत हनुवटीपर्यंत सारे तोंड झाकणारे शिरस्त्राण, लांब बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि हातमोजे हवेत. शिरस्त्राणाच्या आतला फेस आघाताने स्वतः चेपतो आणि डोक्याला लागणारा धक्का कमी करतो. एकदा चेपलेला फेस पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार खाल्लेले शिरस्त्राण बाहेरून कितीही चकचकीत दिसले, तरी ते टाकून द्यावे लागते. मोठ्या भावाचे जुने शिरस्त्राण धाकट्याला देण्याची काटकसर येथे भलतीच महाग पडावयाची.

आणि एवढे सारे करूनही भय उरतेच. ते मुलांपासून लपविणे बरे नव्हे. ऑस्ट्रेलियात काइ आणि साया साकाकिबारा ही भावंडे आहेत. त्यांची आई जपानी. काइ मोठा, साया त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. भावाच्या मागे मागे साया चौथ्या वर्षीच बीएमएक्सच्या सायकलीवर बसली. पुढे दोघेही देशासाठी खेळू लागली आणि टोकियोच्या ऑलिंपिकला बरोबरच जाण्याचे स्वप्न पाहू लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये बॅथर्स्ट येथील विश्वचषकाच्या शर्यतीत काइ पडला. डोक्यावर शिरस्त्राण होते. तरीही मेंदूला जबर इजा झाली. कित्येक आठवडे तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर त्याला चालणे आणि बोलणे नव्याने शिकावे लागले. ज्या मुलाने बहिणीला सायकलीची गोडी लावली, तो आता एकेक शब्द गोळा करीत होता.

साया टोकियोला एकटी गेली. २०२१ च्या उन्हाळ्यात तेथील उपांत्य फेरीत ती स्वतः पडली आणि स्पर्धेतून बाद झाली. त्यानंतरही तिच्या डोक्याला मार बसला. खेळ सोडावा की काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने तो सोडला असता, तरी तिला कोणी भित्री म्हटले नसते. भावाची दशा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीने त्या उंच चढावावर पुन्हा उभे राहायचे म्हणजे काय, हे फक्त तिलाच ठाऊक. ती थांबली, बरी झाली, आणि पुन्हा सराव करू लागली. २०२३ साली तिने विश्वचषक स्पर्धांच्या मालिकेत पहिला क्रमांक मिळविला.

२ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पॅरिस येथे अंतिम शर्यतीसाठी आठ मुली फाटकापाशी उभ्या राहिल्या. सूचना झाली. ती परिचित शांतता पसरली. फाटक पडले. मातीच्या उंचवट्यांवरून, वळणावळणांच्या बांधांवरून ती छोटी चाके धावली, आणि साया सर्वांच्या आधी शेवटची रेषा ओलांडून गेली. काइ त्या वेळी प्रेक्षकांत बसलेला होता. शर्यत संपल्यावर तिने जाऊन त्याला मिठी मारली.