केस घेणारं कोणी आहे का?

ज्युलियस चेंबर्स यांच्या वडिलांचं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या माउंट गिलिअड या छोट्या गावात गॅरेज होतं. 1940च्या दशकाच्या अखेरीस एका गोऱ्या गिऱ्हाइकानं त्यांच्याकडून ट्रक दुरुस्त करून घेतला आणि पैसे द्यायला साफ नकार दिला. ज्युलियसला बोर्डिंगच्या शाळेत घालायचं ते याच पैशांच्या भरवशावर. वडिलांनी गोऱ्या वकिलांचे उंबरे झिजवले. पण गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाचा दावा चालवायला एकही तयार होईना. पैसे बुडाले, शाळाही हुकली. वकील व्हायचं त्या मुलानं तेव्हाच ठरवलं.

ही हकीकत मी त्याच राज्यातल्या शार्लट शहरात ऐकली. माझी पुण्यातली एलएल.बी. इथल्या कोर्टात उभं राहायला पुरेशी नव्हती, म्हणून नोकरीतल्या भेदभावाचे खटले लढवणाऱ्या एका वकीलबाईंकडे मी पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस म्हणून रुजू झाले. पहिलं काम फोन घेण्याचं. पलीकडचा माणूस बहुधा दोन-तीन ठिकाणांहून नकार पचवून आलेला असे आणि नाव सांगायच्या आधीच विचारी, “माझी केस घेणारं कोणी आहे का?”

चेंबर्स यांनी 1962मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून वर्गात पहिले येत कायद्याची पदवी घेतली. विद्यापीठाच्या ‘लॉ रिव्ह्यू’चे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य संपादक. 1964मध्ये त्यांनी शार्लटला स्वतःचं ऑफिस थाटलं. त्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला त्यानं बंदी घातली. शिवाय खटला जिंकणाऱ्या कामगाराच्या वकिलाची फी मालकाकडून वसूल करायची वाटही ठेवली. खिशात दमडी नसलेल्या माणसाला वकील मिळू लागला तो बराचसा या तरतुदीमुळे.

चेंबर्सना फीपेक्षा वेगळी किंमत मोजावी लागली. जानेवारी 1965मध्ये न्यू बर्न इथल्या चर्चमध्ये ते भाषण करत असताना बाहेर उभी असलेली त्यांची गाडी बाँबनं उडवली. ते बाहेर जाऊन पाहून आले आणि उरलेलं भाषण पुरं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घरावर बाँब पडला, 1971मध्ये ऑफिस जाळलं. कामं मात्र थांबली नाहीत.

त्यांतलं एक ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रातलं. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. 2 जुलै 1965 रोजी नव्या कायद्यातल्या नोकरीविषयीच्या तरतुदी लागू झाल्या आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीनं चांगल्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी दोन लेखी चाचण्या सक्तीच्या केल्या. हायस्कूलच्या दाखल्याची अट आधीपासून होतीच. तो दाखला नसलेले जुने गोरे कामगार मात्र तीच कामं बिनदिक्कत करत होते. विली ग्रिग्ज आणि आणखी बारा जण कोर्टात गेले. चेंबर्स त्यांच्या वकिलांपैकी एक होते. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला त्यांचे सहकारी वकील जॅक ग्रीनबर्ग यांनी. 8 मार्च 1971 रोजी सहभागी आठही न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला: नियम वरवर सर्वांना सारखा दिसत असला, तरी तो एका गटाला वगळत असेल आणि त्याचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल, तर तो बेकायदा. मालकाचा हेतू काय होता, हे सिद्ध करायची गरज उरली नाही.

आमच्या वकीलबाईंची तयारी वेगळ्या आखाड्यात झाली होती. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी कंपन्यांच्या बाजूनं वकिली केली होती, त्यामुळे कामावरून काढण्याआधी माणसाची फाइल कशी ‘तयार’ होते हे त्यांना ठाऊक होतं. एका गोदामातल्या कामगार बाईनं छळाची तक्रार केली आणि थोड्याच दिवसांत तिची नोकरी गेली. फाइलमध्ये तीन लेखी ताकिदी होत्या, तिन्ही तक्रारीआधीच्या तारखांच्या. वकीलबाईंनी मजकूर बाजूला ठेवला आणि भिंग घेऊन फॉर्मची तळओळ वाचली. बारीक अक्षरांत छापलं होतं, सुधारित नमुना, अमुक महिना. तो महिना तक्रारीनंतरचा! पुढे शपथेवरच्या जबानीत त्यांनी सुपरवायझरला ती ओळ फक्त मोठ्यानं वाचायला लावली. पुढचा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. कंपनीच्या वकिलांनी लगेच थोडी विश्रांती मागितली आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. असे बहुतेक दावे ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत. 1964च्या या कायद्याखाली ज्यूरीपुढे खटला आणि छळाची नुकसानभरपाई मिळू लागली तीही 1991च्या दुरुस्तीनंतर.

फोनवर मला मराठी आवाजही ऐकू येत. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या धावपळीत भेदभावाची तक्रार राहून जाते आणि मुदत उलटल्यावर फोन येतो. तेव्हा अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायची मुदत नॉर्थ कॅरोलायनातल्या खासगी नोकरीसाठी 180 दिवस आहे, बऱ्याच राज्यांत 300. आयोगाचं दाव्याच्या परवानगीचं पत्र आलं, की कोर्टात जायला 90 दिवस. तक्रार नोंदवायला फी नाही, नागरिकत्वाची अट नाही आणि त्यासाठी वकीलही लागत नाही.