घुबडाचे इंग्रजी

माणसाचे इंग्रजी त्याच्या पोटापाण्यावरून ओळखावे. आमच्या शेजारचे डॉक्टर इंग्रजीत फक्त औषध देतात, वरच्या मजल्यावरचे वकील इंग्रजीत फक्त भांडतात, आणि मी अडतीस वर्षे सरकारी हिशेब तपासण्याच्या कचेरीत बसून इंग्रजीत फक्त विचारणा केली. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर'ला गाडीत बसायचे आणि 'युवर्स फेथफुली'ला उतरायचे, हा माझा रोजचा प्रवास. मधली स्टेशनेही ठरलेली. 'हेअरिनाफ्टर', 'नॉटविथस्टँडिंग' असले शब्द मी आजही झोपेत लिहून दाखवीन, आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत बहुधा तसेच लिहीत होतो. पण या अडतीस वर्षांत माझ्या इंग्रजीत एकदाही घुबड आले नाही. झाडू आला तो खरेदीच्या बिलात, 'ब्रूम्स, सॉफ्ट, टू डझन' म्हणून. त्यावर बसून कोणी उडून गेल्याची नोंद नव्हती. असती तर प्रवासभत्त्याचा प्रश्न निघाला असता.

असा मी, वयाच्या सत्तरीत इंग्रजी जादूच्या कादंबरीचा शब्दार्थ लावीत बसलो, त्याला कारण बॅडमिंटनचे फूल.

हे फूल आमच्या नातीच्या उजव्या डोळ्यावर बसले. फुलाने घायाळ झालेली कालिदासाची इंदुमती तेवढी मला ठाऊक होती, पण हा दाखला मी घरात मोठ्याने दिला नाही. इंदुमतीचे पुढे काय झाले तेही मला ठाऊक होते. डॉक्टरांनी डोळ्यात दिवा मारून पाहिले आणि सांगितले, की बुबुळापुढच्या जागेत रक्त उतरले आहे. ते आपोआप शोषले जाईल, पण पहिले चार-पाच दिवस पुन्हा रक्त येण्याचा धोका असतो, आणि आतला दाब वाढला तर ते नजरेला चांगले नाही. तेव्हा डोळ्यावर कवच, उशाला दोन उशा जास्त, आणि पळणे, वाचणे, मोबाइल, टीव्ही सगळे बंद. "किती दिवस?" मुलाने विचारले. "बघू," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडचा 'बघू' हा शब्द कोणत्याही कोशात पाहू नये.

आता अकरा वर्षांच्या मुलीला तीन आठवडे गादीवर नुसते बसवणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात अकरा वर्षांची मुलगी आहे त्यांना सांगायला नको. त्यातून ती हॅरी पॉटरच्या पहिल्या भागात पाचव्या प्रकरणावर येऊन थांबली होती. एकूण प्रकरणे सतरा. मुलगा-सून कचेरीत. सौ.चे इंग्रजीशी पन्नास वर्षांपूर्वी मॅट्रिकला जे भांडण झाले ते अजून मिटलेले नाही. उरलो मी.

मी आधी सोपा मार्ग सुचवला. या पुस्तकाचे मराठी भाषांतर आहे, 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाचे. ते आणतो, झरझर वाचतो. पण चिऊ ऐकेना. "आबा, मी अर्ध्यात आहे ना! आता मध्येच सगळे मराठी कसे बोलायला लागतील?" मुद्दा बिनतोड होता. मग मी एक पान मनात वाचायचे आणि त्याचा सारांश सांगायचा असा तोडगा काढला. टिप्पणी लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या विभागात कोणी नव्हता. चार पानांचे मी दोन वाक्यांत आटोपले. गादीवरून आवाज आला, "इथे तू काहीतरी गाळलंस."

"काही गाळलं नाही. मुलगा दुकानात गेला, छडी घेतली, पैसे दिले."

"आबा, छडी नाही, वाँड! आणि ती त्याने नाही निवडली, तिने त्याला निवडलं. तू नीट वाच. जसं लिहिलंय तसं वाच."

छडीने मुलाला निवडायचे, हे आमच्या शाळेतही होत असे. पण तो प्रकार वेगळा. असो. मी १९७८ साली घेतलेला इंग्रजी-मराठी कोश माळ्यावरून काढला, पुठ्ठा झटकला आणि जसे लिहिले होते तसे वाचू लागलो.

पहिली अडचण अशी, की या बाईंनी अर्धे शब्द भाषेतून घेतले आहेत आणि अर्धे स्वतः पाडले आहेत, आणि कुठला कुठे हे वाचणाराला कळू दिलेले नाही. 'कॉल्ड्रन' पाहिला, सापडला: मोठा हंडा, कढई. 'गॉब्लिन' सापडला. 'मगल' पाहिला. कोशाच्या हिशेबाने तो 'मगर' आणि 'दमट हवा' यांच्या मधल्या जागेत असायला हवा होता. मगर होती (ती इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलेली), दमट हवाही होती, मगल नव्हता. "आबा, मगल म्हणजे ज्याला जादू येत नाही तो. म्हणजे तू," चिऊने खुलासा केला. पुढे मुलाने मोबाइलवर पाहून सांगितले, की हा शब्द २००३ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात रीतसर दाखल झाला. पुस्तक निघाले १९९७ साली. म्हणजे सहा वर्षांत कायम! आमच्या कचेरीत रोजंदारीवरचा शिपाई कायम व्हायला याहून जास्त वर्षे लागत.

याच्या उलट प्रकार डंबलडोर या हेडमास्तरांचा. हे नाव बाईंनी मनचे रचले असणार अशी माझी खात्री. तर मुलाच्या त्याच मोबाइलने दाखवले, की तो जुना बोलीतला इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ भुंगा! चिऊ इतकी हसली, की सौ. धावत आली आणि "डोळ्याला ताण पडेल, हसवू नका तिला" म्हणून मला दम देऊन गेली. तेव्हापासून आमच्या घरात या पूज्य गृहस्थांना 'भुंगेसर' म्हणतात.

मग आम्ही एक पद्धत बसवली. प्रत्येक कठीण शब्दाला मी थांबायचे, चिऊने अंदाज सांगायचा, मी कोश पाहायचा. तिचा अंदाज बरोबर आला तर मी एक मनुका द्यायची. ती शब्दाच्या आजूबाजूला पाहून अर्थ काढी आणि मी शब्दाच्या आत पाहून. मी धातू, प्रत्यय, उपसर्ग शोधीत बसे, ती म्हणे, "अरे, तो चिडलाय ना, मग 'ग्लेअर' म्हणजे रागाने बघणं!" पहिल्या आठवड्यात पाव किलो मनुका गेल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आम्ही इंग्रजी शिकलो, तेव्हा असा खुराक असता तर मी निदान अधीक्षक होऊन निवृत्त झालो असतो.

आठव्या प्रकरणात मात्र खेळ उलटला. तिथे स्नेप नावाचे एक खडूस मास्तर आहेत. ते पहिल्याच तासाला हॅरीला उभे करतात आणि प्रश्नांची सरबत्ती करतात. 'बेझोअर' कुठे सापडतो? 'मंक्सहुड' आणि 'वुल्फ्सबेन' यांत फरक काय? पोराला एकही उत्तर येत नाही. मी कोश उघडला. 'बेझोअर': जहरमोहरा, बकरीसारख्या जनावराच्या पोटात होणारा, विषावर उतारा मानला जाणारा खडा. मी मोठ्याने वाचले, तो स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "जहरमोहरा होय! आमच्या माहेरी वैद्यांच्या बटव्यात असायचा. आणि गोरोचन वेगळं हं. ते गाईच्या पित्तात होतं, पिवळं. उगाळून देतात."

मी आणि चिऊ गप्पच झालो. मी परीक्षकाच्या आवाजात पुढचा प्रश्न टाकला. मंक्सहुड आणि वुल्फ्सबेन ही एकाच झाडाची नावे. फूल मठवासी साधूच्या टोपडीसारखे म्हणून एक, आणि लांडग्यांना मारायला त्याचे विष वापरीत म्हणून दुसरे. कोश सांगत होता: बचनागाच्या जातीची वनस्पती.

"बचनाग जहाल," सौ. पोळी लाटता लाटता म्हणाली. "गोमूत्रात भिजवून शुद्ध करतात, मग औषधात घालतात. तसाच घेतला तर माणूस जातो."

"आणि वर्मवुड?" आता चिऊच ओरडली. कोशात अर्थ नुसता 'एक कडू वनस्पती' असा होता, पण आम्ही माहिती काढली. तर तो निघाला आपल्या दवण्याचा चुलतभाऊ! जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा. सौ.ने गच्चीवरच्या कुंडीतली दोन पाने आणून चिऊच्या नाकाशी धरली. डोळे मिटून ती बराच वेळ वास घेत राहिली. "म्हणजे आजी स्नेपच्या वर्गात पहिली आली असती," ती म्हणाली. सौ.ला स्नेप कोण ते ठाऊक नव्हते, पण पहिली आल्याचे तिला बरे वाटले. मॅट्रिकनंतर इंग्रजीने तिला दिलेले हे पहिलेच गुण.

दहाव्या प्रकरणात पीस उडवण्याचा मंत्र शिकवतात. मंत्रातले एक अक्षर लांबवायचे असते. रॉनला ते जमत नाही आणि हर्मायनी त्याला सुनावते. गुरुजी तर सांगतात, की एका जादूगाराने एका अक्षराच्या जागी दुसरे म्हटले आणि त्याच्या छातीवर म्हैस येऊन बसली. (मूळात बफेलो आहे, माझ्या डोळ्यांसमोर आपलीच आली.) मी चिऊला वृत्राची गोष्ट सांगितली. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला, 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, आणि अर्थ उलटून इंद्रच त्याला मारणारा झाला. "म्हणजे आपल्याकडेही लेव्हिओसा आहे!" ती म्हणाली. वेदांचे इतके थोडक्यात परीक्षण मी तरी कुठे वाचलेले नाही.

दर तिसऱ्या दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात फेरी असे. बाहेरच्या बाकावरही आमचे वाचन चाले. एकदा दाब थोडा वाढलेला निघाला. थेंब बदलून दिले. त्या रात्री बाराव्या प्रकरणातला आरसा आला. त्याचे नाव 'इरिसेड'. 'डिझायर' उलटे लिहिले आहे, हे चिऊने कोश न उघडता सांगितले. आपल्याला सगळ्यात जास्त जे हवे ते त्यात दिसते. "आबा, तुला काय दिसेल?"

"वेतन आयोगाच्या फरकाची थकबाकी."

ती हसली नाही. "मला मी दिसेन," ती म्हणाली, "पण हे कवच नसेल." मी पुढचा परिच्छेद जरा घाईने वाचायला घेतला. त्यात एकही कठीण शब्द नव्हता, तरी दोनदा थांबावे लागले.

निकोलस फ्लामेल भेटला तेव्हा मात्र माझी मान ताठ झाली. परीस त्याच्याकडे असतो. हा माणूस खरोखर होऊन गेला. पॅरिसमध्ये राही, १४०७ साली त्याने बांधलेले घर तिथे अजून उभे आहे. १४१८ साली तो वारला. धंदा काय, तर नकला करून देणे आणि पोथ्या विकणे. म्हणजे कारकूनच की! कित्येक शतके जग ज्याला किमयागार समजत आले तो आमच्यातला. कादंबरीत तर त्याचे वय सहाशे पासष्ट आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तो कोणत्या खिडकीपुढे उभा राहत असेल, हा प्रश्न बाईंना सुचलेला नाही. कारण त्या सरकारी नोकरीत नव्हत्या. अमेरिकेतल्या प्रकाशकांनी १९९८ साली पुस्तकाच्या नावातला तत्त्वज्ञ काढून तिथे जादूगार बसवला. तत्त्वज्ञ म्हटले की पोरे पळतील अशी भीती. आपल्याकडे ही पंचाईतच नाही. परीस म्हटले की झाले.

पंधराव्या प्रकरणावर होतो तेव्हा डॉक्टरांनी कवच काढले, तक्ता वाचायला लावला. चिऊने शेवटची ओळ धडाधडा म्हटली. डॉक्टर "छान" म्हणाले. दाब मोजायला वर्षातून एकदा येत जा, आता वाचायला हरकत नाही. जिना उतरताना मुलगा भिंतीला टेकून क्षणभर उभा राहिला. चपलेचा बंद नीट करतोय असे त्याने दाखवले. त्याच्या पायात बूट होते.

त्या रात्री चिऊने उरलेली अडीच प्रकरणे एकटीने वाचून काढली. सकाळी मी विचारले, परीस कोणाला मिळाला? "मी नाही सांगणार," ती म्हणाली, "जसं लिहिलंय तसं वाच." मी वाचले. चार दिवस लागले. मनुका मीच खाल्ल्या.

शाळा सुरू झाल्यावर मराठीच्या चाचणीत प्रश्न आला: 'विष' या शब्दाचे समानार्थी शब्द लिहा. चिऊने लिहिले: गरळ, हलाहल, बचनाग. बाईंनी बचनागाखाली लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला. बचनाग ही वनस्पती आहे, समानार्थी शब्द नव्हे, हे व्याकरणाने बरोबर असेल. पण अकरा वर्षांच्या किती मुलांना तो ठाऊक आहे, हे पाहायला नको? मी त्याच संध्याकाळी शाळेला सविस्तर पत्र लिहिले. 'विथ रेफरन्स टु'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत, दोन्ही बाजूंना समास सोडून. चिऊने ते दोन्ही डोळ्यांनी, ओळीवर बोट फिरवीत, नीट वाचले आणि परत दिले.

"आबा, यात एकही घुबड नाही."