गलबताचा माल, खानदेशची वाट

मुडावदला पांझरा तापीला मिळते. कपिलेश्वराचं दर्शन घेऊन पाण्याकडे उतरलो आणि काठावर बसलेल्या एका बाबांना विचारलं, पूर्वी इथून गलबतं जायची का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आठे जहाज कथाईन यी, भाऊ?"

बरोबरच होतं त्यांचं. तापी इथून सुरतेला जाते खरी, पण उंच दरडी, पात्रातले खडक, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात आटलेलं पाणी. मालाची नाव चालणार कशी? तरीही गलबतांचा निम्मा इतिहास मला शिंदखेडा तालुक्यातच शोधावासा वाटतो. गलबत दिसतं बंदरात, पण त्याचं पोट भरतं लांब जमिनीवर.

शिंदखेड्याकडे येताना दुतर्फा कपाशी होती. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोगलाईतली मोठी वाट याच गावावरून जाई: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा. 1610 मध्ये इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याच वाटेने गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानेही मुक्कामांच्या यादीत शिंदखेडा नोंदवलं. बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, थेट पोलंडपर्यंत जातं, असं तो लिहितो. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल असत. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला, की प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबावं लागे. आज दोंडाईच्याच्या फाटकावर पाच मिनिटं थांबताना आपण कुरकुरतो!

सुरतेला पोचूनही माल लगेच जहाजात चढत नसे. तापीचं मुख गाळानं भरलेलं, म्हणून मोठी जहाजं सुंवाळीला नांगर टाकत. पण किनाऱ्याकिनाऱ्यानं मुंबई, कोकण, मलबारपर्यंत राबणारं गलबत म्हणजे फत्तेमारी. युरोपात जे काम स्कूनर करी, ते इकडे हिचं. सागवानी बांधणी, पुढे झुकलेल्या दोन-तीन डोलकाठ्या, तिरकी शिडं. मोठी फत्तेमारी 200 टनांपर्यंत माल घेई. तांडेल रात्री मतलई वाऱ्यावर निघे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर पुन्हा किनारा धरी. भव्य जहाजांची चित्रं निघाली, हिची फारशी कुणी काढली नाहीत.

गलबतं आणि बैलांचे तांडे, दोघांचं पंचांगही जुळतं. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होई आणि पाऊस ओसरला की बैलांची वाट. आखाजी सरून ज्येष्ठ लागला, की गलबतं वर ओढून शाकारली जात, तांडेही थांबत.

मग रेल्वे आली. आधी जळगाव-भुसावळकडून खानदेशचा कापूस मुंबईला वळला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं (1861-65) त्याचा भाव भडकला होता. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून शिंदखेड्यावरून अमळनेरला पोचली. बैलांना आता काम उरलं नाही. फत्तेमाऱ्या पुढे काही दशकं मीठ, कौलं, लाकूड वाहत राहिल्या आणि मग ट्रकनं त्यांनाही बसवलं.

सुरतेला गेलात तर इंग्रज-डचांच्या कबरी जरूर पाहा. पण जाताना रेल्वे सोडून थाळनेर ते नंदुरबार हा टप्पा रस्त्यानं करा. आणि शिंदखेड्याच्या बसस्थानकात या वाटेची माहिती देणारा एक फलक कुणीतरी लावावा, त्याला फार खर्च येणार नाही.